विश्लेषण: पीपीई किट आणि मास्कमुळे त्वचेला इजा का होते? ती कशी टाळता येईल?

२०२० मध्ये अंधेरीचं सेव्हन हिल्स रुग्णालय, गोरेगावचं नेस्को, मुलुंड आणि दहिसरची जम्बो कोविड केंद्रं रुग्णांनी भरली होती. तिथले डॉक्टर, परिचारिका आणि वॉर्डबॉय तासन्‌तास पीपीई किटमध्ये काम करत होते. नाकावर मास्कचे वळ उमटलेले त्यांचे फोटो तेव्हा व्हायरल झाले. कोविडची लाट ओसरली, पण आयसीयू आणि क्षयरोग वॉर्डात एन-९५ मास्क आजही लागतोच.

इजा नेमकी कशी होते?

मास्क घट्ट बसला नाही तर त्याचा उपयोग नाही. पण त्याच घट्टपणामुळे नाक आणि गालांच्या हाडांवर सतत दाब पडतो. त्यात मुंबईची दमट हवा. किटच्या आत घाम सुकत नाही, त्वचा ओली होऊन मऊ पडते आणि थोड्या घर्षणानेही सोलते. हातांचा त्रास वेगळा: वारंवार साबणाने धुतल्यामुळे कोरडेपणा येतो आणि भेगा पडतात.

चीनमधल्या हुबेई प्रांतात २०२० साली ५४२ आरोग्य कर्मचाऱ्यांची पाहणी झाली. त्यातल्या ९७ टक्के जणांना त्वचेचा त्रास होता आणि सर्वाधिक इजा नाकाच्या दांड्यावर होती.

हा फक्त दिसण्याचा प्रश्न आहे का?

नाही. सोललेल्या त्वचेतून जंतुसंसर्ग होऊ शकतो. शिवाय चेहरा चुरचुरला की हात नकळत मास्ककडे जातो किंवा मास्क सैल केला जातो. म्हणजे संरक्षणच कमी होतं.

काय करता येईल?

• मास्क लावण्याआधी किमान अर्धा तास मॉइश्चरायझर लावावं.
• नाकावर पातळ ड्रेसिंग लावल्यास मास्कच्या कडेतून हवा गळत नाही ना, हे पुन्हा तपासावं.
• लॅटेक्सच्या हातमोज्यांखाली व्हॅसलिनसारखी पेट्रोलियम जेली लावू नये. त्याने हातमोजे खराब होतात.
• हात पूर्ण कोरडे झाल्यावरच हातमोजे घालावेत.

सगळ्यात महत्त्वाचं काय?

दाब कमी होणं. ब्रिटनच्या आरोग्य सेवेने २०२० मध्ये दर दोन तासांनी मास्कमधून विश्रांती घेण्याचा सल्ला दिला होता. पण किट घातलेल्या परिचारिकेला विश्रांती घ्यायची तर वॉर्डबाहेर यावं लागतं, किट उतरवावं लागतं आणि परतताना नवं घालावं लागतं. तेवढा वेळ तिच्या रुग्णांकडे बघायला दुसरं कुणीतरी हवं. म्हणूनच पुरेसे किट आणि पुरेसं मनुष्यबळ हाही त्वचेचाच उपचार आहे. क्रीम ज्याचं त्याला विकत घेता येतं. विश्रांतीची वेळ मात्र ड्युटीच्या तक्त्यातच असावी लागते.