एका गाडीचा मालक

भाताची झोडणी आटोपली की मावळातील कामशेत, वडगाव, तळेगाव या बाजारपेठांच्या रस्त्यांवर इंद्रायणी तांदळाची पोती लादलेल्या पिकअप गाड्यांची ये-जा वाढते. एरवी याच गाड्या लोणावळ्याच्या दुकानांना माल पोचवतात, तळेगावच्या हरितगृहांतील गुलाब नेतात, दूध, विटा, खडी, जे भाडे मिळेल ते वाहतात. त्यांतील अनेक गाड्या जुन्या झाल्या आहेत. इंजिन धूर ओकू लागते, ऑइल पिऊ लागते, भरल्या गाडीने बोरघाट चढताना पहिल्या गिअरमध्येही दम टाकते. मग मालकापुढे, जो बहुधा स्वतःच चालक आणि प्रसंगी हमालही असतो, एक अवघड हिशेब उभा राहतो. आहे तेच इंजिन उतरवून नीट करून घ्यावे, दुसरे इंजिन बसवावे, की गाडी मोडीत घालून कर्जावर नवी आणावी?

गॅरेजमधील हा प्रश्न कार्यकर्त्यांनी आपल्या विषयपत्रिकेवर घेण्यासारखा आहे. ज्याची सगळी पुंजी एका गाडीत अडकली आहे त्याचे इंजिन बसले की घराचा चुलाणा थंडावतो, आणि या प्रसंगी कायदा व कारखानदारी त्याच्याशी कशी वागते हे तपासून पाहण्याजोगे आहे.

इंजिन बदलणे हा महाराष्ट्राला नवा उद्योग नाही. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागले, तेव्हा पेट्रोल पिणाऱ्या जीपगाड्यांत डिझेल इंजिने बसवण्याचे काम मेस्त्र्यांनी आपल्या हिकमतीने केले. पुढे महिंद्र कंपनीनेच जीपला डिझेल इंजिन दिले आणि इगतपुरीच्या कारखान्यात फ्रान्सच्या प्युजो कंपनीच्या आराखड्याची इंजिने तयार होऊ लागली. गरजेने रस्त्याकडेला जे घडले त्याची नंतर बाजारपेठ झाली. त्या मेस्त्र्यांची नावे मात्र कोठे नोंदलेली नाहीत.

तरीही त्या काळच्या हिकमतीचे अनुकरण आज डोळे मिटून करणे धोक्याचे आहे. जास्त ताकदीचे वेगळे इंजिन बसवले की गाडी घाट सहज चढते, हे खरे. पण तीच गाडी खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरते तेव्हा ब्रेक जुनेच असतात, चेसिस जुनीच असते. क्लच, गिअरबॉक्स, इंजिनाचे माउंटिंग, रेडिएटर ही सगळी जोडणी मूळ इंजिनाच्या वजनाला व ताकदीला धरून केलेली असते. शिवाय मावळचा पाऊस विसरून चालत नाही. लोणावळ्याच्या परिसरात चेसिस पुष्कळदा इंजिनाच्या आधी गंजाने खाल्ली जाते. म्हणून बॉनेट उघडण्याआधी गाडी वर उचलून खालून हातोडीने ठोकून पाहण्याचा जाणत्या मेस्त्र्यांचा आग्रह योग्यच म्हटला पाहिजे. चेसिस गंजून पोकळ झाली असेल तर कोणत्याही इंजिनावर एक रुपयाही घालू नये.

चेसिस धड असेल तर पहिला विचार स्वतःच्या इंजिनाचाच व्हावा. ब्लॉकला तडा नसेल, क्रँक घासून वापरता येत असेल, तर बोअर, लायनर, पिस्टन-रिंगा, बेअरिंगे, हेडचे फेसिंग, नोझल आणि पंपाचे काम केल्याने इंजिनाला नवे आयुष्य मिळते, आणि इंजिनाचा क्रमांक आरसी बुकात आहे तोच राहतो. ब्लॉकच फुटला असेल तरच त्याच बनावटीचे, त्याच जातीचे दुसरे इंजिन शोधावे. कुर्ल्याच्या भंगार बाजारातून स्वस्तात मिळालेले, कागद नसलेले इंजिन चोरीच्या गाडीचे निघण्याचा संभव असतो. आरसीवरील क्रमांक आणि गाडीतील क्रमांक जुळला नाही तर पासिंग अडते, आणि दुर्दैवाने अपघात झाला तर विमा कंपनीला पळवाट मिळते. ती वेळ आली म्हणजे स्वस्तातले ते इंजिन घरदार विकायला लावते.

आता कायदा पाहू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही हाच अर्थ ठामपणे सांगितला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. सुरक्षिततेसाठी बंधन असावे याविषयी दुमत नाही. परंतु याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. किमान दहा वाहतूक वाहने ज्याच्या मालकीची आहेत, त्याला त्याच बनावटीचे व त्याच जातीचे इंजिन नोंदणी अधिकाऱ्याच्या पूर्वसंमतीवाचून बसवण्याची मुभा राज्य सरकार अधिसूचनेद्वारे देऊ शकते. त्याने चौदा दिवसांत फक्त कळवायचे. एका गाडीच्या मालकाला मात्र आधी परवानगी, मग काम. पिंपरी-चिंचवडच्या परिवहन कार्यालयात त्याने घातलेल्या प्रत्येक खेपेला त्याची गाडी उभी, भाडे बुडालेले आणि हप्ता चालू.

इंजिन तेच, बनावट तीच, मेस्त्रीही कदाचित तोच. फरक एवढाच की एकाकडे दहा गाड्या आहेत. मोठा मालक अधिक प्रामाणिक असतो, असे या तरतुदीमागचे गृहीत दिसते. अनुभव काय सांगतो? २०१३ च्या जुलैत जनरल मोटर्सच्या भारतातील कंपनीने २००५ पासून तयार झालेल्या सुमारे १ लाख १४ हजार टवेरा गाड्या परत बोलावल्या. धुराच्या तपासणीसाठी ठेवलेल्या गाड्यांत कमी धूर सोडणारी निवडक इंजिने बसवून सरकारी तपासनिसांची दिशाभूल करण्यात आली होती, हे कंपनीच्या स्वतःच्या चौकशीतच बाहेर आले. इंजिन बदलण्याचा हाही एक प्रकार! कामशेतचा गाडीवाला इंजिन बदलतो तो गाडी चालावी म्हणून.

उरला नवी गाडी घेण्याचा मार्ग. २०२१ च्या ऑगस्टमध्ये वाहन मोडीत काढण्याचे राष्ट्रीय धोरण जाहीर झाले आणि १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील ट्रक-बसचे तंदुरुस्ती प्रमाणपत्र १,५०० रुपयांवरून १२,५०० रुपयांवर गेले. धूर ओकणारे इंजिन कोणाच्याही हिताचे नाही. तो धूर आधी हमालाच्या आणि रस्त्याकडेच्या शाळकरी मुलांच्याच छातीत जातो. म्हणून तपासणी कडक असावी, यात वाद नाही. वाद आहे तो वयावर शुल्क चढवून छोट्या माणसाला नव्या गाडीकडे ढकलण्याविषयी. नीट उतरवून बांधलेले इंजिन तपासणीत उत्तीर्ण होत असेल, तर त्याने जन्मतारखेचा दंड का भरावा? मोडीच्या मोबदल्यात व्यापारी वाहनाच्या करात मिळू शकणारी जास्तीत जास्त पंधरा टक्के सवलत लाखोंच्या कर्जापुढे फारशी पुरत नाही. (दिल्लीतील दहा वर्षांच्या डिझेलबंदीचा दाखला देऊन इकडे गाड्या स्वस्तात काढून घेणारे दलाल असतील, तर त्यांना हेही सांगावे, की ते निर्बंध राजधानी परिसरापुरते होते, मावळाला ते लागू नव्हते.)

नव्या गाडीचे इंजिन गावच्या मेस्त्रीच्या हाताबाहेर गेले आहे, ही गोष्ट तर हिशेबात धरलीच जात नाही. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत सेन्सर, संगणक आणि धुराची शुद्धी करणारी यंत्रणा यांची गुंतागुंत आहे. बिघाड शोधायला कंपनीचे यंत्र लागते. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना न दिल्याबद्दल स्पर्धा आयोगाने २०१४ च्या ऑगस्टमध्ये १४ मोटार कंपन्यांना एकूण २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. कंपन्या अपिलात गेल्या. २०२२ साली केंद्राने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या विषयांत मोटारगाड्याही होत्या. गाडी विकल्यावरही तिच्यावरचा ताबा कंपनीकडेच राहणार असेल, तर हप्ते फेडणारा मालक कशाचा, असा प्रश्न कोणीही विचारील.

आणि हे सारे घडते आहे ते तळेगावच्या सावलीत. याच जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना, जेथे मोटारींबरोबर इंजिनेही बनत, डिसेंबर २०२० मध्ये बंद पडला आणि हजाराहून अधिक कामगार रस्त्यावर आले. २०२३ साली तो ह्युंदाईने विकत घेण्याचा करार केला. इंजिन बांधणारे कुशल हात मावळात बेकार झाले आणि त्याच तालुक्यातील गाडीवाला जुन्या इंजिनासाठी कुर्ल्याचा भंगार बाजार धुंडाळत राहिला. या दोघांची गाठ घालून देण्याचे काम सरकारने केले नाही. ते कार्यकर्त्यांना करता येईल.

दहा-वीस गाडीवाल्यांची सहकारी संस्था काढली, तर कायद्याच्या दृष्टीने तीही एक व्यक्तीच. मात्र दहा गाड्यांची सवलत हवी असेल तर गाड्या संस्थेच्या नावावर कराव्या लागतील, आणि ते अनेकांना पटणार नाही, पटावे असेही नाही. म्हणून कलम ५२ मधील मुभा, जातीने व बनावटीने तेच इंजिन बसवणाऱ्या एका गाडीच्या मालकालाही लागू करावी, ही मागणी खासदारांमार्फत संसदेपर्यंत नेली पाहिजे. तोवर परवानगीचे अर्ज ठराविक दिवसांत निकालात काढण्याची हमी परिवहन कार्यालयाकडून लेखी घ्यावी. इंजिन बांधणीचे सामायिक केंद्र वडगाव किंवा कामशेतला उभे राहावे, तेथे कारखान्यातून निघालेल्या कामगारांना काम मिळावे. आरंभ म्हणून प्रत्येक गावातील गाड्यांची नोंद करावी: वर्ष, चेसिसची स्थिती, इंजिनाचा क्रमांक आरसीशी जुळतो की नाही, आणि पासिंगची तारीख. आठ वर्षांवरील व्यापारी गाडीचे पासिंग दरवर्षी असते. ज्यांची तारीख येत्या तीन महिन्यांत आहे, त्यांची घरे आधी गाठावीत.