उभ्या मोटारीची बॅटरी

हुबळी-धारवाड मार्गावर २०१८ साली ‘चिगरी’ बस धावू लागली. तेव्हापासून ज्यांची डिझेल मोटार पंधरा-पंधरा दिवस अंगणातून हलत नाही, अशा कुटुंबांसाठी हे टिपण. एरवी गाडी न निघाल्याने बिघडत नाही. पण अपरात्री वडीलधाऱ्यांना रुग्णालयात न्यावयाचे झाल्यास ती पहिल्या किल्लीलाच सुरू व्हावयास हवी.

डिझेल एंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून तापवावी लागते. म्हणून स्टार्टरला पेट्रोलच्या गाडीहून अधिक जोर लागतो आणि अर्धी उतरलेली बॅटरी तेथे हात टेकते. उतरते ती मात्र उभ्याउभ्याच. घड्याळ, चोरघंटा, संगणक यांपायी ५० मिलिअँपिअर प्रवाह जात राहिला, तरी महिन्याला ३६ अँपिअर-तास खर्च होतात. साठांच्या बॅटरीत मग उरते काय? शिवाय तशाच राहिलेल्या बॅटरीच्या शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचा कठीण थर बसतो.

सकाळी पाच मिनिटे एंजिन नुसते चालू ठेवण्याने (ही रीत आपल्याकडे फार प्रिय!) काही साधत नाही. आठवड्यातून एकदा हुबळीहून धारवाडला जाऊन यावे. न जमल्यास स्वयंचलित चार्जर जोडावा. महिनाभर परगावी जाताना ऋण टोकाची तार आधी सोडावी, परतल्यावर ती शेवटी जोडावी. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट भरले, म्हणजे बॅटरी भरलेली, १२.४च्या खाली जाऊ देऊ नये.

नवी घेताना गाडीच्या पुस्तिकेतील क्षमतेहून कमी घेऊ नये आणि निर्मितीचा महिना अवश्य पाहावा. दुकानात वर्षभर पडून राहिलेली बॅटरीही उतरत आणि झिजतच असते.