कुंडीतल्या भाजीचं जेवण आणि औषध

मैत्रिणींनो, प्रवरेच्या कालव्यांमुळे आपल्या श्रीरामपूरला भाजीची वानवा अशी कधी नव्हतीच. तरीही गच्चीवर तेलाच्या डब्यात नाहीतर रंगाच्या बादलीत मिरची-टोमॅटो लावणारी घरे आमच्या गल्लीत वाढताहेत. रोप लागते, फुलतेही. मग महिन्या-दीड महिन्यात पाने पिवळी पडतात, शेंडे आकसतात, आणि शाळेत मधल्या सुट्टीत विचारणा होते, "बाई, खत कमी पडलं की औषध मारायला हवं?"

कुंडीतले रोप म्हणजे दावणीला बांधलेली गाय. मळ्यातले झाड मुळे लांबवून आपले अन्न शोधते. हिच्यापुढे आपण टाकू तेवढेच. त्यातून रोजच्या पाण्याबरोबर थोडे अन्न खालच्या भोकातून वाहून जाते. म्हणून एकदम घमेलेभर खत नको. थोडे थोडे, पण वरचेवर द्यावे. पंधरा लिटरच्या डब्याला दर पंधरा दिवसांनी दोन मुठी गांडूळखत किंवा चांगले कुजलेले शेणखत, वरची माती हलवून घालावे. शेणखत कच्चे असले तर त्यातून हुमणी येते, आणि ऊसवाल्या घरच्या बायकांना हुमणी काय चीज आहे ते मी सांगायला नको! साखर कारखान्याची मळी, म्हणजे प्रेसमड, आपल्याकडे सहज मिळते. पण ताजी मळी तापते, मुळे भाजून काढते. ती कुजून मातीसारखी भुसभुशीत झाली, वास गेला, की मगच वापरावी. चहाचा चोथा घालायचा तर साखर धुऊन टाकून. नाहीतर मुंग्यांची रांग ठरलेली. केळीच्या सालींचे पाणी वगैरे हौसेने घालावे, पण त्यावर झाड पोसले जाईल अशी आशा धरू नये.

पाने पिवळी दिसली की पहिल्यांदा ती कुठली, हे बघा. खालची जुनी पाने आधी पिवळी पडली तर नत्र कमी आहे. खताची पाळी चुकली असेल. वरची कोवळी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या, असे असेल तर लोह कमी पडते आहे. आपल्याकडच्या चुनखडीच्या मातीत आणि बोअरच्या जड पाण्यात हे फार दिसते. लोह मातीत असूनही मुळांना घेता येत नाही. तिथे कितीही युरिया टाका, उपयोग शून्य. कृषी सेवा केंद्रातून चिलेटेड लोह आणावे, पुडीवरच्या प्रमाणानेच द्यावे, आणि जमेल तेव्हा पावसाचे पाणी साठवून घालावे. कुंडीच्या काठावर पांढरा थर धरला असेल तर महिन्यातून एकदा खालून भरपूर वाहीपर्यंत साधे पाणी सोडावे. खत त्यानंतर दोन दिवसांनी.

टोमॅटोचे बूड काळे पडते ते बहुधा पाण्याच्या हेळसांडीने. एक दिवस कोरडे, दुसऱ्या दिवशी पूर, असे झाले की फळापर्यंत कॅल्शियम पोचत नाही. उन्हाळ्यात कुंडीवर उसाचे पाचट अंथरा, ओल टिकते.

आता औषधाचे. आपल्या बहुतेकींचे माहेर नाहीतर सासर मळ्यातले. दीर किंवा भाऊ शहरात येताना मायेने शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत थोडे फवारणीचे औषध घालून आणतात, "वहिनी, एक झाकण टाका, कीड साफ!" मैत्रिणींनो, ती बाटली घरात घेऊ नका. भावजींना राग आला तरी चालेल. तिच्यावर नाव नाही, किती दिवस तोडणी करू नये ते लिहिलेले नाही, आणि आपण तर मिरची एक दिवसाआड तोडतो. मोनोक्रोटोफॉससारखे औषध भाजीपाल्यावर वापरायला २००५ पासून बंदी आहे. बिनचिठ्ठीच्या बाटलीत काय आहे हे ओळखणार कसे? २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात शेतात फवारणी करताना विषबाधा होऊन कितीतरी शेतकरी-मजूर दगावले. ते जाणते लोक होते. आपल्या गच्चीवर तर पोरे खेळतात, आणि बाटली दिसते सरबताची.

कुंडीच्या चार झाडांना याची गरजही नसते. रोज सकाळी पाने उलटून बघावीत. मावा असला तर पाण्याच्या जोरदार धारेने धुऊन काढावा. पिठ्या ढेकूण साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या बोळ्याने पुसावा. वांग्याचा शेंडा मान टाकतो तेव्हा आत अळी असते. तो शेंडा खुडून उकळत्या पाण्यात टाकावा. ठिपक्यांचा ढालकिडा मात्र मारू नका, तो मावा खाणारा आपला माणूस आहे. मिरचीवर बोकड्या आला, पाने चुरगळून झाड खुरटले, तर ते एक झाड उपटून टाकावे, म्हणजे शेजारची वाचतील.

बाकी कामाला निंबोळी अर्क पुरतो. राहुरीच्या आपल्या कृषी विद्यापीठाच्या शिफारशींतही तो ५ टक्के असाच येतो, म्हणजे लिटरला ५० ग्रॅम. वाळलेल्या निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजवाव्यात, सकाळी जुन्या धोतराच्या फडक्याने गाळावे, चिमूटभर साबणचुरा घालावा आणि त्याच दिवशी ऊन उतरल्यावर पानांच्या खालच्या बाजूने फवारावे. उरलेला ठेवू नये. आठवड्याने पुन्हा. भाजी नेहमीसारखी धुऊनच घ्यावी, नाहीतर कोशिंबीर कडू लागल्याची तक्रार पानावरून येईल. निंबोळ्या जून-जुलैत झाडाखाली सडा पडतात तेव्हाच मुलांकडून वेचून घ्या, गर धुऊन सावलीत वाळवा, आणि कापडी पिशवीत भरून खुंटीला टांगा. बंद डब्यात ठेवल्या तर त्यांना बुरशी येते.