गाडीला धाप लागते तेव्हा

ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये शेअर्स आणि फ्लॅटचे रेट यांच्यानंतर सर्वांत जास्त फुकट सल्ले मिळतात ते जुन्या डिझेल गाडीवर! नुसतं ‘पिकअप गेलाय यार’ म्हणून बघा. अकाउंट्सवाला सांगतो टर्बो गेला. एचआरवाली सांगते इंजेक्टर. आणि ज्याने आयुष्यात फक्त ऑटोमॅटिक स्कूटर चालवली, तो ठामपणे म्हणतो, ‘विकून टाक!’

पण बॉस, इंजिनलाही नाक असतं आणि ते चोंदतं. त्या नाकाचं नाव इनटेक मॅनिफोल्ड. एअर फिल्टर, टर्बो, इंटरकूलर असा प्रवास करून आलेली हवा प्रत्येक सिलिंडरला वाटून देणारी ही नळ्यांची जुडी. आता चांगली फिल्टर केलेली हवा जाते तिथून, मग घाण कुठून येते? तर आपल्याच घरातून. ईजीआर नावाचा एक व्हॉल्व्ह थोडा एक्झॉस्टचा धूर परत आत सोडतो. त्याने आतला ऑक्सिजन कमी होतो, ज्वलनाचं तापमान उतरतं आणि नायट्रोजन ऑक्साइड कमी तयार होतात. आयडिया सॉलिड आहे. पण धुरातली काजळी आणि ब्रीदरच्या नळीतून येणारी ऑइलची वाफ मॅनिफोल्डमध्ये भेटतात आणि लग्नच लावतात! दहा-बारा वर्षांत तिथे डांबर साचतं. सिग्नलला ताटकळणाऱ्या, पाच किलोमीटरचं ऑफिस गाठणाऱ्या गाडीत जरा लवकरच.

माझी सेदान २०११ची, दोन लिटर कॉमन रेल. कात्रजच्या चढावर तिला धाप लागायला लागली, सकाळी काळा धूर यायला लागला आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा. आमच्या पार्किंगला लागून पहिल्या मजल्यावर एक आजी राहतात. मी चावी फिरवली की त्या खिडकी लावून घ्यायच्या. बोलत काही नव्हत्या, पण त्या खिडकीचा आवाज मला कोणत्याही हॉर्नपेक्षा मोठा वाटायचा.

पहिल्या गॅरेजने स्कॅनर लावला. कोड निघाला पी२०१५, म्हणजे मॅनिफोल्डमधल्या फ्लॅपची पोझिशन गडबडली आहे. हे फ्लॅप म्हणजे छोट्या झडपा. कमी आरपीएमला त्या मिटतात, म्हणजे हवा गरगरत आत शिरते आणि डिझेलमध्ये नीट मिसळते. आरपीएम वाढला की उघडतात. कोड बघून दोन मिनिटांत कोटेशन तयार: मॅनिफोल्ड नवा, ईजीआर नवा, ‘आणि टर्बो पण बघून घेऊ साहेब’. आकडा असा, की त्यात गोव्याच्या दोन ट्रिप झाल्या असत्या, विमानाने!

दुसऱ्या गॅरेजचा तोडगा स्वस्त. ‘ईजीआर बंद करून टाकू साहेब, सगळे करतात. पत्र्याची एक चकती टाकायची, काम खल्लास.’ खरं सांगतो, मोह झाला. काजळी कमी होते, गाडी थोडी मोकळीही होते. पीयूसीचं मशीन डिझेल गाडीत धुराची घनता बघतं, नायट्रोजन ऑक्साइड मोजतच नाही. म्हणजे पकडलं जायचं टेन्शन नाही! पण तो न दिसणारा वायू जाणार कुठे? त्याच पहिल्या मजल्यावर. काळा धूर दिसतो म्हणून आजी खिडकी तरी लावतात. न दिसणाऱ्या धुराला कोणती खिडकी लावणार? मी नको म्हटलं.

तिसरे भेटले ते साठीचे एक काका. म्हणाले, ‘साहेब, कोड कुठं दुखतंय ते सांगतो, का दुखतंय ते नाही. आधी तपासायचे पैसे द्या, पार्टचं मग बघू.’ हे वाक्य मला फार आवडलं. तपासणी झाली ती अशी, तुम्हीही आपल्या गॅरेजमध्ये याच क्रमाने करून घ्या.

एक, हवेची गळती. इंटरकूलरच्या होज पाइपवर तेलकट डाग, ढिला क्लॅम्प, चढावर शिट्टीसारखा आवाज. शंका असेल तर इनटेकमध्ये धूर सोडून बघतात, जिथून बाहेर येईल तिथे भोक! माझी पाटी कोरी.

दोन, मॅप सेन्सर. इंजिन बंद, इग्निशन ऑन. आता सेन्सरने बाहेरच्या हवेचाच दाब दाखवायला हवा. मुंबईत साधारण १०१ किलोपास्कल, पुण्यात उंचीमुळे ९५च्या आसपास. फार वेगळा आकडा आला तर सेन्सरवर काजळी असू शकते. तो साफ करायचा फंडा अगदी स्वस्त. माझा ९५, म्हणजे ठीक.

तीन, ईजीआर. आयडलला जेवढी हवा आत यायला हवी आणि जेवढी येते, हे दोन आकडे शेजारी ठेवायचे. माझ्याकडे येणारी हवा बरीच कमी. म्हणजे व्हॉल्व्ह उघडाच अडकलाय, ताज्या हवेची जागा धूर खातोय. व्हॉल्व्ह खोलला तर काळं मेण! मागे मॅनिफोल्डचं तोंड निम्मं बुजलेलं.

चार, फ्लॅपची दांडी. तिचा प्लॅस्टिकचा स्टॉपर झिजला की ती हद्दीपलीकडे जाते आणि सेन्सर बोंब मारतो. माझा पी२०१५ तिथला. त्यासाठी धातूची एक छोटी ब्रॅकेट मिळते. पण आतले फ्लॅपच खिळखिळे असतील, तर मात्र मॅनिफोल्ड बदलाच, तिथे कंजुषी नको. बीएमडब्ल्यूच्या काही जुन्या डिझेल इंजिनांत फ्लॅप तुटून सिलिंडरमध्ये गेल्याचे किस्से जगभर माहीत आहेत. तो खर्च मग इंजिनाचा असतो.

माझे फ्लॅप घट्ट होते. मॅनिफोल्ड उतरवून साफ केला. प्लॅस्टिकचा असल्याने ना जाळायचा, ना उकळायचा, क्लीनरमध्ये भिजवून ब्रशने घासायचा. हेडकडची तोंडं साफ करताना काका व्हॉल्व्ह मिटलेत ना ते बघत होते आणि कचरा व्हॅक्यूमने ओढून घेत होते. खपली आत पडली की संपलं! पॅकिंग नवं, बोल्ट टॉर्कने, शेवटी स्कॅनरवर ॲडॅप्टेशन. दीड दिवस लागला. बिल पहिल्या कोटेशनच्या तिसऱ्या हिश्श्याच्याही आत, आणि त्यात तपासणीचे पैसे धरलेले.

दोन गैरसमज जाता जाता. ‘हायवेवर दामटली की साफ होते’ हे एक्झॉस्टमधल्या फिल्टरबाबत खरं, मॅनिफोल्डबाबत नाही. तिथे काजळी जळण्याइतकी उष्णता नसतेच. आणि चालू इंजिनात फवारायचे जादूई स्प्रे? साचलेल्या डांबराचा मोठा तुकडा सुटला, तर तो थेट इंजिनात जातो. साचण्याआधी ठीक असेल, नंतर नको.

राहता राहिला कॅन्टीनचा प्रश्न, गाडी विकावी का? आरसीची १५ वर्षं भरली की फिटनेस तपासून पुढची पाच वर्षं मिळतात. तेव्हा इंजिन धडधाकट असलं तर मी तरी ठेवणार. तुमचं तुम्ही ठरवा, पण पिवळा दिवा लागलेला असताना ठरवू नका. त्या अवस्थेत गाडी भंगाराच्या भावात जाते आणि घेणारा दांडीला ब्रॅकेट लावून तुमच्याच समोरून फिरवतो!

तेव्हा यापुढे कोणी पार्टची लांबलचक यादी हातात ठेवली, की एकच प्रश्न विचारायचा, ‘हे तपासलं कसं?’ उत्तर आलं तर खुर्चीत बसा, चहा मागवा. नाही आलं, तर चावी परत मागा.