मा. जिल्हाधिकारी, पालघर : मुलांच्या पाच तासांचा हिशेब द्या

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा जिल्हा दंडाधिकारी,
पालघर

विषय : वसई तालुक्यातील मालिकांच्या सेटवर रात्रीपर्यंत काम करणारी 14 वर्षांखालील मुले

महोदय,

कायदा आपल्याला ठाऊक आहे. त्यात आपल्याच पदाचं नाव लिहिलेलं आहे, म्हणून प्रस्तावना गाळतो.

मी मालिकांमध्ये चिल्लर कामं करतो. वॉर्डबॉय, हवालदार, लग्नातला लांबचा मामा, कोर्टातला शिपाई. संवाद मिळालाच तर ‘डॉक्टर येतायत’ एवढा. नाही मिळाला तर हिरोइनच्या मागून ट्रे घेऊन चालत जायचं. याला आमच्यात पासिंग म्हणतात. पैसे 90 दिवसांनी येतात, तेही कोऑर्डिनेटरचं कमिशन कापून. त्याबद्दल हे पत्र नाही. ते रडगाणं मी गेली कित्येक वर्षं गातोय आणि त्याची मलाही सवय झाली आहे. पासिंगवाल्याचा एकच फायदा असतो : त्याच्यासमोर माणसं मोकळेपणाने बोलतात. एखादी खुर्ची ठेवलेली असावी तसा तो तिथे असतो.

तर या खुर्चीने काय पाहिलं ते सांगतो.

नायगाव पूर्वेपासून कामणपर्यंत गोदामांच्या मधेमधे जे सेट आहेत, त्यातल्या एकावर इस्पितळाचा सीन होता. सेटचं आणि निर्मात्याचं नाव लिहीत नाही, कारण हे फक्त तिथेच घडतं असं मला वाटत नाही. सात-आठ वर्षांचा मुलगा. कॉल टाइम सकाळचा. रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते, पोरगं सेटवरच्या पलंगावर गाढ झोपलं होतं. त्याची आई त्याला उठवायला गेली तर असिस्टंट डायरेक्टरने तिला थांबवलं. म्हणाला, “राहू दे ताई, कोमाचा सीन आधी घेऊन टाकू. नॅचरल येईल.” लाइट लावले. मी सलाइनचा स्टँड धरून उभा होतो. चार अँगलनी टेक झाले, पोराला कळलंही नाही. मॉनिटरजवळ कोणीतरी “वा!” म्हणालं. प्रेक्षकांनाही तो सीन आवडला असेल.

त्यानंतर मी प्रॉडक्शनच्या टेबलाकडे लक्ष ठेवू लागलो. मुलांच्या येण्याजाण्याची वही तिथे असते. आई सकाळी आल्या आल्या सही करते. वेळेचा रकाना कोरा राहतो. तो नंतर भरला जातो. कोण भरतं, काय भरतं, हे मला दिसलेलं नाही. पण भरलेल्या पानांवर सगळ्या मुलांचे सगळे दिवस कायद्यातल्या पाच तासांच्या आत कसे बसतात, हे कोडं मला सुटत नाही. एका दुपारी काहीही कारण नसताना मुलांना अचानक ‘ब्रेक’ मिळाला. एका खोलीत सतरंजी आली, रंगपेटी आली, कोऱ्या चित्रकलेच्या वह्या आल्या. दोन तास मुलं चित्रं काढत बसली. संध्याकाळी रंगपेटी परत स्टोअरमध्ये गेली, आणि पुन्हा कधी मला दिसली नाही. त्या दोन तासांत कोण येऊन गेलं, की येणारच होतं आणि आलं नाही, ते मला माहीत नाही. संशय आहे. संशयाला पुरावा लागतो, आणि पुरावा त्या वहीत आहे. ती उघडण्याचा अधिकार मला नाही. आपल्याला आहे.

आता आकडे. बालकामगार कायदा 1986चा, 2016 साली सुधारला. 14 वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायला बंदी, पण मालिका-चित्रपटांना सूट. अट एवढीच की शाळा बुडता कामा नये. सूट कशी वापरायची ते 2017च्या नियमांत आहे. दिवसाला 5 तासांपेक्षा जास्त काम नाही. विश्रांतीशिवाय सलग 3 तासांपेक्षा जास्त नाही. आमची शिफ्ट 12 तासांची, आणि ती 12 तासांत संपली तर स्पॉट दादा पेढे वाटेल. सलग 27 दिवसांपेक्षा जास्त मुलाला बोलवायचं नाही. दैनंदिन मालिकेत घरातला नातू हेच मुख्य पात्र असेल आणि आधीच चित्रित करून ठेवलेल्या एपिसोडची बँक रिकामी असेल, तर 28व्या दिवशी त्या नातवाला मामाच्या गावाला पाठवलेलं मी तरी कधी पाहिलं नाही. 5 मुलांमागे जबाबदार व्यक्ती 1. आमच्याकडे ही व्यक्ती म्हणजे बहुधा तोच पोरगा, ज्याच्याकडे कपड्यांची कंटिन्यूइटीही असते. मुलाच्या कमाईतले किमान 20 टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावावर मुदत ठेवीत. मी सेटवरच्या आयांना सहज विचारलं. एकीने मला उलट विचारलं, “हे कुठून काढलंत?”

आणि या सगळ्याच्या मुळाशी एक कागद : नमुना ‘क’. चित्रीकरण ज्या जिल्ह्यात, तिथल्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी आधी घ्यायची. मुलांची यादी, पालकांची संमती, सुरक्षेची जबाबदारी कोणावर त्याचं नाव, सगळं हमीपत्रासोबत. मुदत 6 महिने. म्हणजे वसईच्या कोणत्याही सेटवर कोणतंही मूल कायदेशीरपणे उभं असेल, तर त्याचं नाव आपल्या कार्यालयातल्या एखाद्या फायलीत असलंच पाहिजे. नाव असेल तर त्या फायलीवर पुढे काय झालं ते सांगा. नसेल तर ते मूल तिथे बेकायदा उभं आहे. तिसरी शक्यता मला तरी दिसत नाही. आपल्याला दिसत असल्यास मार्गदर्शन व्हावं.

शिक्षेचाही उल्लेख करतो, नाहीतर पत्र अपुरं वाटेल. 6 महिने ते 2 वर्षं कैद, किंवा 20 ते 50 हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. चहाच्या टपरीवरून पोरगा उचलला की वर्तमानपत्रात फोटो येतो, ‘बालकामगाराची सुटका’. मालिकेतला पोरगा रात्री अकराला उचलला तर त्याच्या आईच्या खांद्यावर असतो आणि रिक्षा शोधत असतो. तो कोणालाच बालकामगार वाटत नाही, कारण त्याच्या अंगावर शेरवानी असते.

वसईच्या किल्ल्यात कॅमेरा लावायचा तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. योग्यच आहे. त्या दगडांना साडेदहाला झोप येत नाही, तरी त्यांची काळजी घेतली जाते.

आपण म्हणाल, तक्रार कुठे केली? केली. प्रॉडक्शनमध्ये बोललो तर कोऑर्डिनेटरने मला ग्रुपमधून काढलं. संघटनेतल्या एका ओळखीच्या माणसाने सल्ला दिला, “तुझ्या पोराचा प्रश्न आहे का? मग?” एका सरकारी कार्यालयात लेखी अर्ज दिला. कोणतं कार्यालय ते इथे सांगत नाही. तिथून उत्तर मिळालं की हा विषय त्यांच्या हद्दीतला नाही. हद्दीचा गोंधळ मी समजू शकतो. 2014 पर्यंत आम्ही ठाणे जिल्ह्यात होतो, आता पालघरमध्ये. पोलीस आयुक्तालय मीरा-भाईंदरबरोबर. महापालिका वेगळी. पण जिल्हा दंडाधिकारी तर एकच आहेत ना?

आणि कृपया असं समजू नका की इथल्या सेटवर काय चालतं त्याची चौकशी कधी झालीच नाही. 24 डिसेंबर 2022ला ‘अलिबाबा : दास्तान-ए-काबुल’ या मालिकेच्या वसईतल्या सेटवर अभिनेत्री तुनिशा शर्माचा मृत्यू झाला. वीस वर्षांची मुलगी, एकविसावा वाढदिवस अकरा दिवसांवर आलेला. वालीव पोलिसांनी दुसऱ्या दिवशी सहकलाकाराला अटक केली, मार्चमध्ये त्याला जामीन मिळाला. प्रकरण न्यायालयाचं आहे, त्यावर मी बोलणार नाही. पण तेव्हा सगळा देश सेटवरचं गुपित शोधत होता. कोणी प्रेमप्रकरणात शोधलं, कोणी त्यात लव्ह जिहाद आणला, पुढारी बोलले. ती 2015 पासून, म्हणजे साधारण तेराव्या वर्षापासून कॅमेऱ्यासमोर होती, ही माहिती बातमीत एका ओळीची होती. तीही कौतुकाने लिहिलेली, ‘बालकलाकार म्हणून सुरुवात’. तिच्या मृत्यूचं कारण त्यात आहे असं मी म्हणत नाही. मला तो अधिकार नाही. मी एवढंच म्हणतो, की लहान वयात सेटवर आलेलं मूल दिवसाचे किती तास काम करतं, कधी झोपतं, त्याच्याशी कोण बोलतं, हे त्या गदारोळातही कोणी विचारलं नाही. बातम्यांचे कॅमेरे गेले, गेटवर दोन वॉचमन वाढले आणि मोबाइल बाहेर ठेवायचा नियम कडक झाला. गुपित राखायची सोय तेवढी झाली.

आयांना दोष देऊ नका, ही विनंती. त्या काही सगळ्याच हावरट नसतात. एकीचा नवरा आजारी, एकीचं घराचं कर्ज. लेकराने नको म्हटलं तर नियमाप्रमाणे त्याच्यावर सक्ती करता येत नाही. पण घराचा हप्ता भरणारं आठ वर्षांचं मूल नको कसं म्हणणार?

म्हणून मागणी. वसई तालुक्यात गेल्या 3 वर्षांत नमुना ‘क’खाली किती परवानग्या दिल्या, किती मुलांसाठी, किती वेळा तपासणी झाली, किती गुन्हे नोंदले, हे आपल्या संकेतस्थळावर टाका. मुलांची नावं नकोत, आकडे द्या. बालकामगारांसाठीच्या जिल्हा कृती दलाचं अध्यक्षपद आपल्याकडेच आहे. पुढच्या बैठकीत टपऱ्या आणि वीटभट्ट्यांच्या यादीखाली ‘स्टुडिओ’ हा एक शब्द वाढवा. येण्याजाण्याच्या वहीत वेळ आधी आणि सही नंतर, असा साधा आदेश काढा.

आणि एकदा स्वतः या. दिवसा नको, रात्री नऊनंतर. येण्याआधी कोणाला फोन करू नका, नाहीतर रंगपेटी बाहेर येईल. गेटवर विचारलंच तर ‘पासिंगला आलोय’ म्हणा. कोणी अडवणार नाही.

आपला,
एक पासिंगवाला, वसई (पूर्व)
(नाव देत नाही. पुढच्या आठवड्यात हवालदाराचं काम आहे.)