मेघदूत आणि एस्. टी.

लग्न होतांच जोडप्यानें थंड हवेच्या ठिकाणीं प्रस्थान ठेवावें, असा परिपाठ आतां घरोघरीं पडला आहे. आमचें लग्न १९८२ च्या मार्गशीर्षांतलें. आमचा मधुचंद्र पेणहून रोह्यापर्यंतच्या एस्. टी.त उरकला. रोह्यास सौभाग्यवतींच्या मावशी राहत. आगगाडी तेथें १९८६ सालीं आली.

त्याच ऑक्टोबरांत चिंतामणराव देशमुख निवर्तले होते. वडखळ मागें पडलें आणि मी नव्या वधूपुढें विद्वत्ता पाजळूं लागलों. रोहें हें त्यांच्या बालपणाचें गांव. १९१२ सालीं मॅट्रिकला पहिले येऊन त्यांनीं जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति मिळविली. रिझर्व्ह बँकेचे ते पहिले हिंदी गव्हर्नर. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ सालीं त्यांनीं अर्थमंत्रिपद सोडलें. आणि मेघदूत मराठींत आणलें. तेथून ओघानेंच यक्षाकडे आलों. आषाढाच्या पहिल्या दिवशीं त्याला मेघ दिसला, कार्तिकी एकादशीस शाप संपावयाचा, मध्यें नेमके चार महिने, असें मीं ठासून सांगितलें.

पुढच्या बांकावरचे वृद्ध गृहस्थ वळले. "मास्तर दिसतां. जरा मोजून पाहा. चार महिने आणि वर दहा दिवस होतात. काव्यांत तर चारच महिने उरल्याचें सांगितलें आहे. म्हणूनच कांहीं जुने टीकाकार 'प्रथम' या जागीं 'प्रशम' असा पाठ घेऊन आषाढाचा शेवटचा दिवस धरतात. मल्लिनाथाला तें पटलें नाहीं, ही गोष्ट वेगळी."

नव्या बायकोसमक्ष चूक कोण कबूल करील? मीं हुज्जत घातली, ती थेट भिसे खिंडीपर्यंत. शेवटीं, ज्यांचें पुस्तक मी वर्गांत वापरीत असें, त्या सुप्रसिद्ध पंडितांच्या टीपांचाच आधार पुढें केला.

गृहस्थ ओशाळले. "तसें मीं लिहिलें असेल, तर माझी चूक झाली. पुढील आवृत्तींत सुधारीन."

त्यांचें नांव मी देत नाहीं. ते आज हयात नाहींत, आणि फजिती माझी आहे.

रोह्यास उतरतांना आम्हीं दोघांनीं त्यांना वाकून नमस्कार केला. त्यांनीं हिला विचारलें, "मुली, तुला काय वाटतें?"

ही म्हणाली, "आजोबा, दिवसांचा हिशेब यक्षाला कशाला विचारायचा? उंबऱ्याशीं फुलें मांडून ती दिवस मोजतेच आहे कीं."

पंडितजी क्षणभर थांबले, मग मोठ्यानें हंसले. "तूं मेघदूत वाचलें आहेस!"

"बाबांच्या कपाटांत आहे. चिंतामणरावांचेंच."

मावशींचें घर येईपर्यंत माझ्या तोंडून शब्द फुटला नाहीं. दाराशीं मात्र राहवलें नाहीं. "मघांपासून मी एवढें सांगत होतों, तेव्हां कां नाहीं बोललीस?"

"तुम्हीं विचारलेंत कुठें?" असें म्हणून ही आंत गेली.