कृपा नको, जबाबदारी हवी!

पावसाळा सुरू झाला की जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यात शहरी भटक्यांची रीघ लागते. शनिवारी रात्री पुण्यामुंबईहून निघालेल्या गाड्या रविवारी पहाटे घाटघर, खिरेश्वर, हडसर, आहुपे या गावी पोचतात. पाठीवर रंगीत सॅक, पायांत जाड सोलचे बूट, अंगात जलरोधक म्हणून विकले गेलेले जॅकेट असा सरंजाम असतो. चाळीसपन्नास वर्षांपूर्वी याच वाटांनी कॅनव्हासचे बूट आणि घरची सतरंजी घेऊन माणसे हिंडत. हौस तीच आहे. पण त्या हौसेभोवती आता एक भलामोठा बाजार उभा राहिला आहे. तो उभा राहण्यास आमची हरकत नाही. चांगल्या साधनांमुळे डोंगर अधिक लोकांच्या आवाक्यात आला, हेही आम्ही मान्य करतो. आमचा प्रश्न एवढाच आहे की, माल विकून पैसे गल्ल्यात पडल्यानंतर विकणाऱ्याची जबाबदारी नेमकी कोठे संपते?

प्रश्न सुचण्याचे निमित्त प्रस्तुत लेखकाच्याच पायाखाली घडले. एका आषाढात जीवधन उतरताना, कातळात खोदलेल्या पायऱ्यांवर, उजव्या बुटाचा सोल टाचेपासून सुटला आणि चवड्याशी लोंबू लागला. बूट घेऊन दोन पावसाळेही पुरते झाले नव्हते. सोबतच्या वाटाड्याने कमरेची सुतळी सोडून बुटाला तीन वेढे दिले, गाठ मारली आणि म्हणाला, “सायेब, ह्यो बूट दुकानात चांगला दिसतो, डोंगरात न्हाई.” त्याच्या स्वतःच्या पायांत कोणा भटक्याने जाताना देऊन टाकलेले, दोन मापे मोठे बूट होते. पुढे चिंध्या कोंबून त्याने ते मापाचे करून घेतले होते. त्या बुटांवर तो आम्हा पाचजणांना निसरड्या कातळावरून सांभाळून उतरवीत होता.

पुण्यास परतल्यावर कंपनीशी पत्रव्यवहार सुरू झाला. तिचे नाव येथे देत नाही, कारण प्रश्न एका कंपनीचा नाही. प्रथम यंत्राचा आवाज ऐकला. मग एका विनम्र तरुणाचा. त्याने छायाचित्रे मागविली, तक्रारीला क्रमांक दिला आणि आठवड्याने दोन ओळींचे उत्तर आले : सदर बिघाड हा निर्मितिदोष नसून वापरामुळे झालेली झीज आहे, सबब हमीत बसत नाही. बूट कोणी हातात घेतला नव्हता, तपासला नव्हता. तरीही निदान झाले होते.

आता या ‘झिजे’चे शास्त्र पाहा. आजच्या पुष्कळशा बुटांत पायतळ आणि सोल यांच्या मधला मऊ थर पॉलियुरेथेन नावाच्या फेसाळ प्लॅस्टिकचा असतो. या द्रव्याच्या काही प्रकारांचे हवेतील दमटपणामुळे हळूहळू विघटन होते. बूट रोज वापरा की कपाटात बंद ठेवा, काही वर्षांनी तो थर भुसभुशीत होतो आणि सोल गळून पडतो. सॅकच्या आतल्या बाजूचा जलरोधक लेप चिकट होऊन सुटतो, त्यामागेही बहुधा हेच कारण असते. कारखानदारांना ही गोष्ट पूर्ण ठाऊक आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर चार महिने कोसळणारा पाऊस आणि कोंदणारे धुके हीही काही गुप्त माहिती नव्हे. मग ज्या मालाचे आयुष्य दमटपणाने खुंटते, तो माल या प्रदेशात ‘पावसाळी डोंगरयात्रेसाठी’ म्हणून विकावयाचा आणि तो पावसाने खराब झाला की त्याला ‘झीज’ म्हणावयाचे, हा कोठला न्याय? शिवाय बूट दुकानात येण्यापूर्वी गोदामात किती वर्षे पडून होता, हे ग्राहकास कळावे कसे? आवेष्टित मालावर निर्मितीचा महिना व वर्ष छापण्याचे बंधन २०११ च्या नियमांनी आहे. पण तारीख छापली जाते खोक्यावर, आणि खोके पहिल्याच आठवड्यात रद्दीत जाते. आमचेही गेले.

हा अनुभव मित्रमंडळींत सांगितला तेव्हा प्रत्येकाजवळ एकेक कथा निघाली. कोणाच्या सॅकचे बक्कल तुटले. सुटे बक्कल मिळत नाही, नवी सॅक घ्या, असे उत्तर मिळाले. कोणाच्या तंबूची काठी मोडली. ते मॉडेल बंद झाले होते. याउलट कोणाला मात्र एका फोनवर नवा बूट घरपोच आला, आणि तो गृहस्थ तेव्हापासून त्या कंपनीचा बिनपगारी प्रचारक झाला आहे. आम्हास खरी चिंता वाटते ती या शेवटच्या कथेची. फसवणुकीबद्दल माणूस निदान चिडतो. पण हक्काची वस्तू मिळाल्यावर तो कृतज्ञतेने गहिवरतो, तेव्हा हक्काचे रूपांतर कृपेत झालेले असते. ज्याला इंग्रजी फर्डे बोलता येते, ज्याच्या तक्रारीने कंपनीची अब्रू चार लोकांत जाऊ शकते, त्याच्यावर कृपा होते. बाकीच्यांना तक्रार क्रमांक मिळतो. ‘ग्राहकसेवा’ या गोंडस नावाखाली जे चालते ते बव्हंशी असे आहे.

याला उत्तर म्हणून सांगितले जाते की, उदार हमी दिली तर लोक तिचा गैरफायदा घेतात. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. अमेरिकेतील एल. एल. बीन या कंपनीचा इतिहास या संदर्भात बोधप्रद आहे. १९१२ साली तिच्या संस्थापकाने शिकारीसाठी बनविलेल्या बुटांच्या पहिल्या शंभर जोड्या विकल्या. रबरी तळ आणि चामडे यांची शिवण उसवल्यामुळे त्यांतल्या नव्वद परत आल्या. त्याने पैसे परत केले, दोष दूर केला आणि पुढे शंभरावर वर्षे बिनमुदत हमीवर धंदा केला. २०१८ साली कंपनीने ती हमी एका वर्षावर आणली. काही लोक वर्षानुवर्षे वापरलेला माल आणून नवा मागतात, असे कारण दिले. आर. ई. आय. ही तर ग्राहकांची सहकारी संस्था. चांगली साधने परवडेनात म्हणून सिॲटल येथे १९३८ साली तेवीस गिर्यारोहकांनी ती काढली. तिलाही २०१३ साली बिनमुदत परतीची सवलत बंद करावी लागली. तेव्हा ग्राहकही संत नसतो, हे आम्हास कबूल आहे.

परंतु या उदाहरणांतून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे. विक्रेत्याच्या औदार्यावर उभी असलेली हमी तो औदार्य आवरू म्हणेल त्या दिवशी संपते. म्हणूनच तिचा पाया औदार्य हा असता कामा नये. लिखित अट, त्रयस्थाची तपासणी आणि कायदा हा असला पाहिजे. लबाड ग्राहकाला आळा घालण्याचा मार्गही तोच आहे.

कायदा नाही असे कोणी म्हणू नये. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली, पाठोपाठ १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली, आणि अशा चळवळींच्या रेट्यातून १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा आला. त्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला. त्यानुसार ग्राहक जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे त्याला दाद मागता येते. कंपनीचे मुख्यालय बंगळूरला आहे की परदेशात, याने बिघडत नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. मालातील दोष नुसत्या पाहण्याने ठरत नसेल तर आयोग तो प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. सदोष मालामुळे इजा झाली तर निर्मात्यावर भरपाईची जबाबदारी टाकणारे स्वतंत्र प्रकरणच कायद्यात आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, समान तक्रार असलेल्या अनेक ग्राहकांच्या वतीने एकाला, किंवा नोंदणीकृत ग्राहक संघटनेला, तक्रार दाखल करता येते.

मग हे शस्त्र म्यानातच का? कारण चारपाच हजारांच्या बुटासाठी प्रयोगशाळेचा खर्च आणि तारखांचे हेलपाटे एकट्यादुकट्याला परवडत नाहीत. कंपन्यांना हे गणित पाठ आहे. त्यांची दोन ओळींची उत्तरे कायद्याच्या अज्ञानातून येत नाहीत. आपल्या एकटेपणाच्या पक्क्या जाणिवेतून येतात.

आता त्या वाटाड्याकडे वळू. शहरी भटक्याचा बूट फाटला तर त्याचा रविवार फुकट जातो. घाटघरच्या किंवा आहुप्याच्या वाटाड्याचा बूट फाटला तर त्याचा हंगाम बुडतो. आणि नको तेथे फाटला तर त्याच्याबरोबर त्याच्या भरवशावर चालणाऱ्यांचाही जीव टांगणीस लागतो. या भागातील महादेव कोळी कुटुंबे पावसाळ्यात भातावर आणि एरवी हिरडा गोळा करण्यावर गुजराण करीत आली आहेत. डिंभे धरणाने आंबेगावच्या खोऱ्यातील जमिनी घेतल्या. ज्या गावाचे नाव तालुक्याला आहे ते आंबेगावही पाण्याखाली गेले. अशा ठिकाणी वाट दाखविणे, ओझे वाहणे, भाकरी करून घालणे हे जोडउत्पन्न म्हणजे चैन नव्हे. त्या कामाचे अवजार म्हणजे बूट, दोर, विजेरी. शेतकऱ्याला जसे बियाणे, तसे वाटाड्याला हे साहित्य. परंतु बाजाराच्या लेखी तो ग्राहकच नाही. त्याच्यापर्यंत पोचतो तो शहरी ग्राहकाने टाकलेला माल, हमीची मुदत आणि सोलचे आयुष्य दोन्ही संपत आलेला.

कोणी म्हणेल, धंद्यासाठी घेतलेला माल ग्राहक कायद्यात बसत नाही. हे अर्धसत्य आहे. स्वतःच्या श्रमाने उपजीविका चालविण्यासाठी जो माल घेतो, त्याला ग्राहकाच्या व्याख्येत ठेवणारे स्पष्टीकरण कायद्यातच आहे. अर्थात वाटाड्याने दोर किंवा बूट विकत घेतला आणि बिल जपून ठेवले, तर तो पुण्यातील कोणत्याही अभियंत्याइतकाच पक्का ग्राहक आहे. पण आहुप्यापासून जिल्हा आयोग शंभरावर किलोमीटर दूर आहे, आणि हे स्पष्टीकरण त्याला सांगणारे कोणी नाही.

या कथेचा शेवट कंपनीच्या दारात झाला नाही. तो झाला जुन्नरच्या बाजारपेठेत, रस्त्याच्या कडेला बसणाऱ्या एका चर्मकाराजवळ. त्याने भुसभुशीत झालेला थर खरवडून काढला, जुन्या टायरच्या रबराचा तुकडा बेतून चिकटविला आणि वरून सभोवार जाड दोऱ्याने टाके घातले. तो बूट अजून चालतो आहे. मोठ्या कंपनीला जे ‘अशक्य’ होते ते एका आरीने आणि दाभणाने केले. पण आज माल बनविला जातो तोच असा की तो उघडता येऊ नये, शिवता येऊ नये. दुरुस्ती मारली की कारागीर मरतो आणि नवी विक्री जगते. फ्रान्समध्ये २०२३ पासून कपडे आणि पादत्राणे दुरुस्त करून घेणाऱ्यास बिलात सूट मिळते. उत्पादकांच्या वर्गणीतून तिचा खर्च भागतो. आपल्याकडे केंद्र सरकारने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्काची भाषा सुरू केली ती शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने यांच्यापुरती. बुटाला आणि सॅकला त्यात जागा मिळू नये, असे कोणते कारण आहे?

तेव्हा मागण्या स्पष्ट करू. निर्मितीचा महिना व वर्ष खोक्यावरच नव्हे, तर सोलवर आणि सॅकच्या आत ठसविले पाहिजे. वस्तू हातात घेऊन तपासल्याशिवाय ‘झीज’ हा शेरा मारता कामा नये. आणि मारल्यास तपासणाऱ्याच्या सहीचे सकारण पत्र मराठीत मिळाले पाहिजे. बक्कल, काठी, सोल हे सुटे भाग निदान पाच वर्षे उपलब्ध राहिले पाहिजेत. जे डोंगराच्या नावावर माल विकतात, त्यांनी डोंगराच्या पायथ्याच्या तालुक्यांतील कारागिरांना दुरुस्तीचे साहित्य आणि रीतसर काम द्यावे.

कंपन्या या मागण्या आपण होऊन मान्य करणार नाहीत, हे उघड आहे. म्हणून गिर्यारोहण संस्थांचे याबाबतीत एक कर्तव्य आहे. त्यांनी तक्रारी एकत्र नोंदवाव्यात आणि ग्राहक संघटनांना बरोबर घेऊन एकच सामुदायिक तक्रार दाखल करावी. मुंबई ग्राहक पंचायतीने धान्याच्या बाबतीत सामुदायिक खरेदी करून दाखविली आहे. तसे बूट आणि दोर लिखित अटींवर एकत्र विकत घ्यावेत, आणि त्या खरेदीत वाटाड्यांना बरोबरीचे सभासद करून घ्यावे. जुने बूट देऊन टाकण्याचे दातृत्व पुरे झाले.

नाणेघाटाच्या तोंडाशी एक दगडी रांजण आहे. व्यापाऱ्यांची जकात त्यात पडे, असे परंपरा सांगते. सातवाहनांचे गोडवे गाण्याचे आम्हास कारण नाही. ती राजेशाहीच होती. तरीही त्याच घाटात कातळ फोडून काढलेली पाण्याची टाकी आजही वाटसरूची तहान भागवितात. आजच्या बाजाराने रांजण तेवढा ठेवला आहे, टाकी विसरला आहे.

आंबेगावच्या डोंगरांत पडकईची रीत आहे. उतारावरचे भातखाचर एकट्याच्याने बांधून होत नाही, म्हणून सारे मिळून आज एकाच्या, उद्या दुसऱ्याच्या जमिनीवर राबतात. ज्यांच्या गावांतून आपण दर रविवारी हिंडतो, त्यांच्याकडून एवढे शिकलो तरी पुष्कळ झाले.